किनारी गावासाठी एसबीआर: टाकी चांगली आहे, पण आधी भरतीचं पाणी मोजा

पंधरा-वीस हजार वस्तीच्या किनारी गावासाठी मैलापाणी प्रक्रिया केंद्राचे प्रस्ताव मागवले, की त्यांत एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिअ‍ॅक्टर) हमखास असतो. जागा कमी लागते, गाळ बसवायला वेगळी टाकी नको, नायट्रोजनही निघतो, हंगामात वस्ती वाढली तर वेळापत्रक बदलून भागतं. हे सगळं खरं आहे. तरीही किनाऱ्यावरचे एसबीआर अडचणीत येतात, आणि बहुतेक वेळा दोष टाकीचा नसतो, टाकीपर्यंत पोचणाऱ्या खाऱ्या पाण्याचा असतो. म्हणून या परीक्षणात टाकीबरोबर तिच्या अलीकडचे नळ आणि पलीकडचा समुद्रही तपासला आहे.

एसबीआरमध्ये सगळी कामं एकाच टाकीत, पाळीपाळीने होतात. पाणी भरायचं, भरता भरता हवा द्यायची, हवा बंद करून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ डिकँटरने, म्हणजे वरचं पाणी काढणाऱ्या खाली-वर होणाऱ्या साधनाने, हळूच काढून घ्यायची. कल्पना जुनी आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सक्रिय गाळाची, म्हणजे मैला खाणाऱ्या जिवाणूंच्या गाळाची, पद्धत मांडली, ती अशीच भरा-आणि-काढा धाटणीची होती. हवा देऊन झाल्यावर तळाशी बसलेला गाळ त्यांनी टाकून दिला नाही, त्याच गाळावर पुढचं मैलापाणी ओतलं. पहिल्या खेपेला ज्या कामाला सुमारे पाच आठवडे लागले, ते गाळ साठत गेला तसं काही तासांवर आलं. पण दिवसातून इतक्या वेळा झडपा हाताने फिरवणं माणसांना झेपेना, म्हणून सलग वाहणाऱ्या टाक्या रूढ झाल्या. झडपा वेळेवर फिरवणारी स्वयंचलित यंत्रणा हाताशी आल्यावर, १९७० नंतर, रॉबर्ट अर्विन यांच्यासारख्या संशोधकांनी जुनी पद्धत पुन्हा उभी केली. थोडक्यात, एसबीआरचा जीव पीएलसी (यंत्रं वेळेवर चालवणारा छोटा संगणक), झडपा, पातळीमापक आणि डिकँटर यांत आहे. खारी हवा नेमकी त्यांच्याच मुळावर येते.

आधी टाकीचा हिशेब

२०,००० वस्तीचं उदाहरण घेऊ. माणशी दिवसाला १५० लिटर धरले तर ३,००० घनमीटर पाणी होतं, म्हणजे ३ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). माणशी ६० ग्रॅम बीओडी (जिवाणूंना मैला पचवायला लागणारा प्राणवायू) धरली तर दिवसाला १,२०० किलो. दोन टाक्या आणि चार तासांचं चक्र घ्या: दोन तास भरणं आणि हवा, एक तास गाळ बसणं, एक तास पाणी काढणं. एक टाकी भरत असते तेव्हा दुसरीत गाळ बसत असतो किंवा तिच्यातून पाणी निघत असतं. दिवसात १२ खेपा होतात, सरासरी खेप २५० घनमीटरची. गर्दीच्या तासांसाठी अडीच पट धरून खेपेला ६२५ घनमीटर जागा ठेवायची. भरल्या टाकीची खोली ५.५ मीटर आणि त्यातलं १.८ मीटर पाणी काढायचं असेल, तर प्रत्येक टाकीला साधारण ३५० चौरस मीटर क्षेत्रफळ आणि १,९०० घनमीटर घनफळ लागतं.

आता गाळ. बीओडीच्या किलोमागे ०.८ किलो कोरडा गाळ तयार होतो असं धरलं तर रोजचा ९६० किलो. गाळाचं वय, म्हणजे तो टाकीत सरासरी राहण्याचा काळ, १५ दिवस ठेवलं तर एका टाकीत ७,२०० किलो गाळ राहतो, म्हणजे भरल्या टाकीत एमएलएसएस (पाण्यातल्या गाळाचं प्रमाण) सुमारे ३,८०० मिलिग्रॅम प्रतिलिटर. गाळ चांगला बसणारा असेल, एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा) १२० असेल, तर तो तळाशी अडीच मीटर उंची घेतो. डिकँटर ३.७ मीटरच्या पातळीपर्यंत उतरतो. मध्ये १.२ मीटर स्वच्छ पाण्याचा थर उरतो, आणि तो पुरेसा आहे. एसव्हीआय १८० वर गेला की तेवढ्याच गाळाची उंची ३.७ मीटर होते. गाळ थेट डिकँटरच्या ओठाला टेकतो आणि पुढच्या मोठ्या खेपेबरोबर समुद्रात जातो.

पुरवठादाराकडून सगळ्यात आधी हे गणित त्याच्या स्वतःच्या आकड्यांनी करून घ्या. कमी खोलीच्या, स्वस्त दिसणाऱ्या टाक्यांमध्ये हा मधला थर ५०-६० सेंटिमीटरवर आलेला असतो. किनाऱ्यावर एक मीटरपेक्षा कमी थर स्वीकारू नये असं आमचं मत आहे, कारण खारं पाणी आलं की गाळाचं बसणं बिघडतंच.

चार टक्के आणि पाच टक्के

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड आणि २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. विद्युतवाहकता ५०,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते, तर घरगुती मैलापाण्याची साधारण १,००० असते. म्हणजे मैलापाण्यात एक टक्का समुद्र मिसळला तरी वाहकता जवळपास ५०० ने आणि क्लोराइड १९० ने वाढतं. इतकी स्पष्ट खूण मैलापाण्यात दुसऱ्या कशाची मिळत नाही.

चार टक्के समुद्र मिसळला की वाहकता ३,००० च्या घरात जाते. त्यापुढचं पाणी शेतीला देण्यावर कडक मर्यादा येतात. एसबीआर मीठ काढत नाही, टाकीत जितकं आलं तितकंच बाहेर जातं. पाणी बागा-शेतीला परत वापरण्याची योजना प्रस्तावात असेल, तर ती या टप्प्यावर बहुतेक पिकांसाठी संपते. पाच टक्क्यांना क्लोराइड ९५० ने वाढतं आणि एकूण आकडा १,००० च्या पुढे जातो. ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलला गंज लागू नये म्हणून व्यवहारात पाळली जाणारी मर्यादा इथेच आहे. ३०४ जातीची तर २०० लाच संपलेली असते. प्रस्तावातले धातू आणि पाण्याचा पुनर्वापर, दोन्ही या एका आकड्यावर टिकतात किंवा पडतात.

हा आकडा शोधायला मोठी उपकरणं लागत नाहीत. उदंचन (पंपिंग) केंद्राच्या विहिरीत नोंद ठेवणारा वाहकतामापक आणि प्रवाहमापक महिनाभर लावा. लोकांच्या वापराचा उंचवटा रोज त्याच वेळी येतो, सकाळी आणि संध्याकाळी. भरतीचा उंचवटा मात्र रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतो, कारण दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास २५ मिनिटांचं असतं. आलेखात सरकणारा उंचवटा दिसला आणि तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठा व भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत लहान होत असेल, तर नळात समुद्र शिरतो आहे हे नक्की. पावसाचं पाणी शिरलं तर प्रवाह वाढतो पण वाहकता उतरते, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही.

मग जागा शोधायची. उधाणाच्या भरतीला, रात्री दोन ते चारच्या दरम्यान, लोकांचा वापर कमीत कमी असताना चेंबरमागून चेंबर झाकण उघडून, वरूनच दोरीने मापक सोडून वाहकता बघत जायचं. आकडा जिथे एकदम उडी घेतो त्याच्या वरच्या बाजूचा तुकडा फुटका. कॅमेरा तपासणीही भरतीलाच करायला सांगा. ओहोटीला नळ कोरडे असतात आणि कॅमेरा सरकवायला सोपे, म्हणून ठेकेदार ती वेळ पसंत करतात, पण तेव्हा सांध्यातून काही गळत नाही आणि अहवाल निर्दोष येतो. मुख्य नळाला आतून अस्तर केलं आणि घरांच्या जोडण्या तशाच सोडल्या तर पाणी तिथून वाट काढतं. पावसाळी पाण्याच्या बाहेर पडणाऱ्या तोंडांवरच्या झापडझडपाही बघा. एक काठी किंवा प्लास्टिकचा गुंडाळा अडकून झडप चार बोटं उघडी राहिली, तर एका भरतीत आख्खी विहीर भरते.

हे काम टाकी बांधण्याआधी करावं. सहा महिने लागले तरी चालतील. गळती निम्मी झाली तर पंप, ब्लोअर (हवा देणारं यंत्र) आणि टाकी तिन्ही लहान होतात.

मीठ गाळाचं काय करतं

हळूहळू वाढणारा खारेपणा सक्रिय गाळ बऱ्यापैकी पचवतो. लिटरला दहा ग्रॅम मिठापर्यंत सवय लागलेला गाळ चांगलं काम करू शकतो. गाळाला मोडतो तो दिवसातून दोनदा वर-खाली होणारा खारेपणा. गाळाचे गोळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आधाराने एकत्र धरलेले असतात. सोडियम वाढला की तो त्यांची जागा घेतो आणि गोळे सुटे होतात. सममूल्य प्रमाणात सोडियम भागिले कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम हा आकडा दोनाच्या वर गेला की बसणं बिघडतं. समुद्राच्या पाण्यात तो चारच्या जवळ असतो, त्यामुळे पाच टक्के मिसळणही मर्यादा ओलांडायला पुरतं. सूक्ष्मदर्शकाखाली आधी देठाचे प्रोटोझोआ नाहीसे होतात, मग निवळीत बारीक धुरळा राहतो, मग अमोनिया वाढतो. नायट्रीकरण करणारे जिवाणू सगळ्यात नाजूक असतात आणि परत वाढायला आठवडे घेतात.

आणखी एक धोका विशिष्ट मांडणीत आहे. काही एसबीआरमध्ये गाळ बसताना आणि निवळ काढतानाही पाणी आत येत राहतं. तसं केल्याने झडपा वाचतात. किनाऱ्यावर ही मांडणी घेऊ नये. भरतीचं खारं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा जड असतं. ते तळाशी उतरतं, बसलेल्या गाळाखाली शिरतं आणि आख्खा थर वर उचलतं. भरणं आणि बसणं वेगळं ठेवणारी, सुरुवातीला छोटा सिलेक्टर कप्पा (ताजं मैलापाणी आणि परत फिरवलेला गाळ आधी मिसळतात तो) असलेली मांडणी घ्या. सिलेक्टरमध्ये २०-२५ टक्के गाळ परत फिरवला तर तंतूंसारखे वाढणारे जिवाणूही आटोक्यात राहतात.

मीठ आहे म्हणून ब्लोअर मोठा हवा, असं पुरवठादार सांगतात. २५ अंशाला गोड्या पाण्यात ८.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो आणि समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास, हे बरोबर. पण पाच टक्के मिसळणीत हा फरक जेमतेम एक टक्का उरतो. तेवढ्यासाठी मोठा ब्लोअर घेण्यापेक्षा तो पैसा नळांच्या सांध्यांवर लावणं शहाणपणाचं.

नळातला वायू

समुद्राबरोबर सल्फेट येतं. दाबनळात, म्हणजे पंपाच्या दाबाने पाणी नेणाऱ्या नळात, पाणी तासन्‌तास हवेविना पडून राहिलं की जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. नळातून सुटलेला हा वायू काँक्रीटच्या ओलसर छताला चिकटतो, तिथे दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि मुळात १२-१३ सामू (पीएच) असलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागाचा सामू १-२ वर येतो. वर्षाला काही मिलिमीटर काँक्रीट मऊ होऊन गळतं. झीज नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर असते, म्हणून विहीर भरलेली असताना केलेली पाहणी फसवी ठरते. दाबनळ ज्या चेंबरमध्ये मोकळा होतो तो चेंबर आणि केंद्राचा प्रवेशकप्पा यांना पहिल्या दिवसापासून एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर असावं. नंतर इपॉक्सी लावणं हा दुसऱ्या दर्जाचा उपाय आहे, कारण आम्ल मुरलेल्या काँक्रीटवर ते धरत नाही.

वायू होऊच नये यासाठी दाबनळाच्या सुरुवातीला कॅल्शियम नायट्रेट देतात, किंवा झालेला सल्फाइड बांधायला लोहाचे क्षार. लोह घ्यायचं तर किलो सल्फाइडमागे किमान पावणेदोन किलो लोह लागतं, प्रत्यक्षात जास्तच. पण शेवटी जंतू मारणारे यूव्ही (अतिनील) दिवे असतील तर लोहाने दिव्यांच्या काचेवर थर बसतो आणि पाण्याची पारदर्शकताही उतरते. प्रस्तावात लोह आणि यूव्ही दोन्ही असतील तर त्यांचा मेळ कसा बसवला आहे ते विचारा.

हा वायू माणसं मारतो. थोड्या प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो, पण दशलक्षाला १०० भागांच्या आसपास नाकच बधिर होतं आणि धोका टळला असं वाटतं. ५०० च्या पुढे काही मिनिटांत आणि ७०० च्या पुढे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून पंप वरूनच साखळीने उचलता येतील, जाळीचा कचरा वरच पडेल, पातळीमापक बाहेरून काढता येईल, अशी रचना ही खरेदीची अट असावी. देखभालीसाठी माणसाला आत उतरावं लागेल असा एकही भाग मंजूर करू नये.

भाग एकेक करून

जाळी सळयांची नको, छिद्रांच्या पत्र्याची हवी, ३ मिलिमीटर छिद्रांची. केस आणि ओले रुमाल सळयांमधून उभे सरकून जातात आणि पुढे डिफ्युझरच्या (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या) नळ्यांवर त्यांचे पीळदार दोर तयार होतात.

वाळूकडे फार कमी लोक लक्ष देतात. वाळू काढणारे कप्पे ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या कणांसाठी बांधलेले असतात. फुटक्या सांध्यांतून येणारी किनाऱ्याची वाळू अनेक ठिकाणी त्याहून बारीक असते. ती सरळ टाकीत जाते, आणि एसबीआरची टाकी कधी पूर्ण रिकामी होत नसल्याने वर्षानुवर्षं साठते. आधी कोपऱ्यांत ढीग होतात, मग डिफ्युझर गाडले जातात. वाळूचा नमुना चाळून बघा आणि कप्प्याची रचना त्यावरून ठरवा. दोन टाक्यांऐवजी तीन परवडत असतील तर तीन घ्या, म्हणजे एक रिकामी करून वाळू काढताना गाव थांबत नाही.

डिफ्युझर रबरी पडद्याचे, ईपीडीएमचे असतात. हवा दर चक्रात चालू-बंद होते. बंद असताना पडद्यामागे पाणी झिरपतं, त्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि पडदा ताठ होतो. दाबमापकाचा आकडा याची चाहूल आधी देतो: त्याच पातळीला, त्याच हवेला दाब महिन्यागणिक चढत असेल तर छिद्रं बुजत आहेत. रोज काही मिनिटं हवा कमाल मर्यादेपर्यंत वाढवून पडदे ताणावेत, फॉर्मिक आम्ल सोडण्याची सोय नळात ठेवावी आणि प्रत्येक जाळ्याच्या शेवटी साचलेलं पाणी काढायची नळी असावी. ही नळी पुष्कळदा खर्च वाचवायला गाळली जाते.

ब्लोअरबाबत आमचं मत स्पष्ट आहे. आपल्या उदाहरणात भरताना पाण्याची पातळी ३.७ वरून ५.५ मीटरवर जाते, म्हणजे डिफ्युझरवरचा दाब सुमारे ३४ वरून ५१ किलोपास्कलपर्यंत दोन तासांत चढतो. टर्बो ब्लोअर स्थिर दाबाला उत्तम चालतात. अशा चढ-उतारात त्यांना सर्जचा (हवा उलटी येऊन यंत्र हादरण्याचा) त्रास होतो. स्क्रू किंवा लोब प्रकारचा ब्लोअर व्हीएफडीसह (मोटारीचा वेग बदलणाऱ्या साधनासह) घ्या. कागदावर वीज थोडी जास्त दिसेल, पण तो रोज चालेल. हवेचं तोंड समुद्राच्या उलट बाजूला ठेवा.

डिकँटर दोन जातींचे मिळतात. फिरत्या हाताचा डिकँटर स्क्रूने खाली-वर होतो. त्याचा वेग नेमका ठरवता येतो आणि वरचा तवंग अडवायला पुढे आडपट्टी असते. त्याचं दुखणं पाण्याखालच्या फिरत्या सांध्याच्या सीलमध्ये आणि वरच्या उघड्या मोटारीत असतं. तरंगता डिकँटर पाण्याबरोबर आपोआप उतरतो, पण लवचीक नळी आणि मार्गदर्शक खांबांवर झीज होते. किनाऱ्यावर आम्ही फिरत्या हाताला पसंती देऊ, दोन अटींवर: मोटारीला बंद आवरण असावं, आणि मर्यादा-स्विच निकामी झाला तर हात आपोआप वर येऊन थांबावा. वीज गेल्यावर खालीच अडकलेला हात पुढच्या खेपेचं कच्चं मैलापाणी थेट बाहेर सोडतो.

धातूंसाठी पुरवठादाराचं ठरलेलं उत्तर ‘एसएस ३१६’ असतं. क्लोराइड ५०० च्या आत राहणार असेल तर ते मान्य. त्यापुढे पाण्याखालचे आणि उडत्या पाण्याच्या पट्ट्यातले भाग डुप्लेक्स २२०५ या जास्त गंजरोधक स्टीलचे हवेत. खड्डे पडण्याला किती विरोध होईल हे सांगणारा पीआरईएन ३१६ चा २४-२५ असतो, २२०५ चा ३५ च्या आसपास. जिथे जमेल तिथे एचडीपीई किंवा काचतंतूचा भाग घ्या, म्हणजे प्रश्नच मिटतो. बोल्ट स्वतः मोजून घ्या: स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला जस्ताचा मुलामा दिलेले छोटे बोल्ट लावले तर सगळी झीज त्या बोल्टांवर येते आणि ती फार वेगाने होते.

पॅनेलची खोली बंद, किंचित जास्त दाबाची आणि गाळलेल्या हवेची असावी. हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या तारा आणि चांदीचे संपर्कबिंदू काळे करतो, मग रिले मधूनच चिकटतात. कल्हई केलेल्या तारा आणि लेप दिलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं मागा. विजेच्या खोलीला आणि जाळीच्या खोलीला समाईक दार असलेला आराखडा परत पाठवा.

मोजमाप फसतं ते असं

सीओडीच्या (रसायनाने मोजलेल्या प्राणवायूच्या मागणीच्या) चाचणीत क्लोराइडही प्राणवायू मागतं: दर १,००० मिलिग्रॅम क्लोराइडमागे २२६ मिलिग्रॅम खोटी सीओडी. मर्क्युरिक सल्फेटने ते साधारण २,००० पर्यंत झाकता येतं, म्हणजे सुमारे दहा टक्के समुद्रापर्यंत. त्यापुढे नमुना पातळ करून किंवा टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) वापरून काम करावं लागतं. उधाणाच्या दिवशी सीओडी वाढली आणि बीओडी जागच्या जागी राहिली, तर टाकीला दोष देण्याआधी क्लोराइड मोजा.

याहून लपलेली चूक अमोनियाच्या आयनमापकात आहे. पोटॅशियम त्याला अमोनियासारखं भासतं, आणि पाच टक्के समुद्राबरोबर लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटॅशियम येतं. हवा अमोनियाच्या आकड्यावर चालवली असेल तर भरतीला ब्लोअर उगाच धावतात आणि विजेचं बिल चंद्राबरोबर वाढतं. नायट्रेटच्या आयनमापकात हाच गोंधळ क्लोराइड करतं. किनाऱ्यावर हवेचं नियंत्रण विरघळलेला प्राणवायू मोजणाऱ्या प्रकाशीय डीओमापकावर ठेवावं, खारेपणाची दुरुस्ती चालू करून.

निर्जंतुकीकरण आणि समुद्रातली वाट

निवळ तासाभरात निघते, दिवसभर सारखी वाहत नाही. आपल्या केंद्राचा सरासरी प्रवाह तासाला १२५ घनमीटर, पण काढण्याच्या तासात तो २५० होतो आणि गर्दीत ६२५, म्हणजे पाच पट. यूव्ही सरासरीवर बेतलेलं असेल तर नेमक्या गर्दीच्या वेळी जंतू सुटतात. शिवाय दिवे दिवसात १२ वेळा चालू-बंद झाले तर लवकर मरतात. डिकँटरनंतर ३०० ते ३५० घनमीटरची समतोल टाकी घातली तर प्रवाह निम्मा होतो आणि दिवे सलग जळतात. ही टाकी ज्या प्रस्तावात आहे त्याला आम्ही इतर गोष्टी सारख्या असल्यास वरचा क्रम देऊ.

युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशानुसार आंघोळीच्या किनारी पाण्याला ‘उत्कृष्ट’ म्हणायचं तर १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय २५० आणि एन्टेरोकोकाय १०० च्या आत हवेत, तेही ९५ टक्के पातळीवर. कच्च्या मैलापाण्यात ई. कोलाय कोटीच्या घरात असू शकतात. एसबीआर ते दहा ते शंभर पट कमी करतो. उरलेलं काम यूव्हीचं आणि समुद्रात मिसळण्याचं.

बाहेर सोडणाऱ्या नळाची पातळी बघताना एक चूक वारंवार होते. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. नळाचं तोंड १५ मीटर खोल असेल तर फक्त या वजनासाठी ३७ सेंटिमीटर जास्त उंची लागते, आणि ती उधाणाच्या भरतीच्या पातळीवर, घर्षणाच्या व लाटांच्या हिशेबाशिवाय. उंची अपुरी असेल तर वर्षातल्या मोजक्या उधाणांना पाणी निघत नाही आणि टाकी उलट तुंबते. दोन खेपांच्या मधल्या वेळेत खारं पाणी नळात मागे शिरतं, वाळू आणि शिंपले आत वस्ती करतात. तोंडांवर बदकचोचीच्या रबरी झडपा बसवल्या की हे बरंच थांबतं.

हंगाम, गाळ आणि कोणी हे घ्यावं

पर्यटनाच्या हंगामात भार दुप्पट-तिप्पट होणाऱ्या गावांना एसबीआर खरोखर शोभतो. एरवी एक टाकी बाजूला ठेवता येते. हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी गाळ काढणं कमी करून एमएलएसएस वाढवायला घ्यावा, कारण नायट्रीकरणाचे जिवाणू पर्यटकांच्या वेगाने वाढत नाहीत.

रोजचा ९६० किलो कोरडा गाळ २० टक्के घट्टपणाला पिळला तर पावणेपाच टनांहून थोडा जास्त ओला गाळ होतो. पॉलिमर नेहमी गोड्या पाण्यात कालवा. खाऱ्या पाण्यात त्याच्या साखळ्या आखडून बसतात आणि दीडपट खर्चूनही गाळ सुटत नाही. शेतात टाकायच्या गाळाचं सोडियम तपासल्याशिवाय तो कोणालाही देऊ नये.

जागा मुबलक आणि कुशल माणूस नाही अशा ठिकाणी ऑक्सिडेशन डिच (हवा देत पाणी गोल फिरवणारा उघडा चर) एसबीआरपेक्षा बरी. जागा अगदी कमी आणि पुनर्वापर हवाच असेल तर एमबीआर (बारीक पडद्यातून पाणी गाळणारी पद्धत), पण नळ दुरुस्त झाल्यानंतरच. मैलापाण्यात समुद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे आणि नळ बदलायला निधी नाही अशा गावाने तूर्त यातलं काहीच घेऊ नये. निधी आधी नळांना द्यावा.

एसबीआर घ्यायचा ठरलाच तर स्वीकृती चाचणीचा कालावधी करारात १५ सलग दिवसांचा लिहून घ्या, म्हणजे एक उधाण आणि एक भांग त्यात सापडतं. चाचणीभर दर तासाला प्रवाह आणि वाहकता, रोज एसव्हीआय आणि अमोनिया, प्रत्येक खेपेच्या शेवटी गाळाच्या थराची उंची नोंदवायची. उधाणाच्या दोन रात्री भरतीच्या वेळी वीज मुद्दाम बंद करून डिकँटरचा हात वर येतो का, झडपा कोणत्या स्थितीत थांबतात आणि जनरेटर किती वेळात भार घेतो हे दोन्ही पक्षांनी उभं राहून बघायचं. या नोंदींवर सही झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटणार नाही, ही ओळ करारात असलीच पाहिजे.